दर रविवारी, दहा मिनिटं

ज्याला गाडीतलं काहीच कळत नाही त्याचा मला राग येत नाही. ज्याला थोडंसं कळतं त्याचा येतो. काकूंचा पुतण्या या दुसऱ्या प्रकारातला. टोचन लावून आणलेली गाडी त्याने माझ्या गॅरेजच्या दारात सोडली, खाली उतरला आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाला, "मिस्त्री कुठे आहेत?"

"समोर उभी आहे," मी म्हटलं. "बोला."

तो जरा ओशाळला, पण लगेच सावरला. "कार्बोरेटर गेलाय. तेवढा बदलून द्या."

"बरं. मग बदला की तुम्हीच. पाने त्या भिंतीला टांगलेत."

तेवढ्यात मागच्या दारातून काकू उतरल्या. "त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस गं," त्या म्हणाल्या. "तू बघ. तू बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

मग मी गाडीकडे नीट पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. दारावरची अक्षरं पुसट झाली होती, पण ओळखायला वाचावं लागलं नाही. ही सरांची गाडी. सर म्हणजे काकूंचे यजमान. तीस वर्षं त्यांनी गावाला गाडी शिकवली. अठराव्या वर्षी मीही याच गाडीवर शिकले. मी पहिल्याच दिवशी एका भाजीच्या हातगाडीत घुसले होते, तेव्हा सर फक्त एवढंच म्हणाले होते, "छान. आता मागे कशी घ्यायची ते शिकू."

तीन वर्षांपूर्वी सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. मी दोनदा भेटायला गेले होते. तिसऱ्यांदा पाऊल उचललं नाही, हे मान्य करते. एवढा बोलका माणूस नुसता बघत बसलेला मला पाहवेना.

काकूंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टेकडीवर एक उपचार केंद्र आहे. तिथे अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात. तिथल्या बाईंनी घरी येऊन सरांना तपासून स्पष्ट सांगितलं होतं की अजून वेळ गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही. या महिनाअखेरीला सुरुवात करा, आठवड्यातून दोनदा या. अडचण एकच होती. सर भाड्याच्या गाडीत बसतच नव्हते. एका ड्रायव्हरला त्यांनी काठी मारली होती आणि दुसऱ्याच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली होती.

"शेवटी म्हटलं, घरचीच गाडी काढू," काकू म्हणाल्या. "बुधवारी हा चालवायला बसला. हे अगदी शांत बसले बघ. आणि टेकडीचा चढ लागला तशी गाडीनेच मान टाकली. मागून हा एवढा काळा धूर. रिव्हर्समध्ये खाली आणावी लागली."

"म्हणूनच म्हणतोय, कार्बोरेटर," पुतण्या म्हणाला.

मी त्याला चहा आणायला पाठवलं. म्हणजे निदान दहा मिनिटं शांतता.

माझी एक रीत आहे. गाडी आली की आधी तिला बोलू द्यायचं, मग हात लावायचा. मी चावी फिरवली आणि दचकलेच. अर्ध्या चावीत सुरू! तीन वर्षं उभी असलेली गाडी, बुधवारी एकदा हलवली म्हणून अशी उठत नाही. आधी बॅटरी रुसते, मग स्टार्टर कण्हतो, मग कुठे खोकत खोकत जागी होते. ही तर वाट बघत असल्यासारखी सुरू झाली. पण ॲक्सिलरेटर दाबला तर नुसता आवाज वाढला, अंगात जोर काही येईना. नाव मोठं आणि लक्षण खोटं.

पहिल्या दिवशी मी टाकीतलं पेट्रोल काढलं. काचेच्या बाटलीत धरलं तर कोऱ्या चहासारखं तांबूस आणि वास वार्निशचा. जुन्या पेट्रोलचं असंच होतं, त्यातलं पेटणारं उडून जातं आणि चिकट तेवढं मागे राहतं. ते फेकून नवं भरलं, फिल्टर बदलला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी सीटचा स्पंज आणून ऐसपैस संसार मांडला होता, तो उठवला. मग गाडी गॅरेजमागच्या छोट्या चढावर घेतली. निम्म्यात धापा टाकायला लागली.

दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर उघडला. हो, उघडला. पुतण्या दारात उभा राहून असा हसत होता की त्याला पेट्रोलमध्ये बुचकळावंसं वाटलं. आत थोडा डिंकासारखा थर होता, तो धुऊन काढला, बारीक छिद्रं हवा मारून मोकळी केली. प्लग काढले तर ते कोरड्या काजळीने काळेकुट्ट झालेले. नवे घातले. चढावर नेली आणि पुन्हा तेच. पुतण्याचं हसू मावळलं, पण माझंही काही उगवलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी जॅकवर उचलून चारी चाकं हाताने फिरवली. मागचं एक ब्रेकमध्ये अडकलं होतं, ते सोडवलं. इंजिनाचा दाब मोजला, उत्तम. ठिणगी वेळेवर पडते का बघितलं, पडत होती. म्हणजे खायला-प्यायला आहे, नाडी नीट आहे, हातपाय मोकळे आहेत आणि तरी पेशंट उठत नाही. मी पुसायचं फडकं जमिनीवर आपटलं, गाडीला दोन शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि स्टूल ओढून तिच्या मागे बसले. इंजिन चालूच होतं.

बसल्या बसल्या सहज तळहात सायलेन्सरच्या नळीमागे धरला आणि म्हटलं, अरेच्चा! वारा म्हणावा तसा येतच नव्हता. नुसती फुसफुस. इंजिन श्वास घेत होतं, पण त्याला तो सोडता येत नव्हता. आणि जुना श्वास बाहेर गेल्याशिवाय नवा आत कसा येणार? खाली वाकून सायलेन्सरवर पान्याने टिचकी मारली. पोकळ डब्याचा ठणठणीत आवाज यायला हवा, तर आला "थप्प".

सायलेन्सर उतरवला तर एका हाताने उचलेना. तिरपा केल्यावर त्यातून काळं पाणी आलं, मागोमाग गंजाचे पापुद्रे आणि काजळीचा चिखल. आतल्या जाळ्या कोसळून वाट बुजली होती. तो बाजूला टाकला, तात्पुरती एक सरळ नळी लावली आणि गाडी चढावर घेतली. आवाज असा झाला की आख्खी गल्ली दारात आली, पण दुसऱ्या गियरमध्ये गाडी सरसर वर गेली. मी आनंदाने हॉर्न वाजवला. समोरच्या इस्त्रीवाल्याने कानांवर हात ठेवले.

खरं तर इथे काम संपलं होतं. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बंद गाडी गंजते, मान्य. पण काजळी? काजळी यायला आधी काहीतरी जळावं लागतं. मी माझी जुनी वही काढली. सरांनी झटक्याच्या आठवडाभर आधी तेल बदलून घेतलं होतं, तेव्हाचा आकडा लिहिलेला होता. मीटरवर त्याच्यापुढे जेमतेम वीस किलोमीटर झाले होते. म्हणजे गाडी कुठे गेली नाही आणि तरी पोतंभर काजळी खाऊन बसली.

संध्याकाळी काकू आल्या. मी विचारलं, "काकू, ही गाडी तीन वर्षं बंदच होती ना?"

"बंद? कोण म्हणालं बंद?" काकूंचा चेहरा एकदम उजळला. "एकही रविवार चुकवला नाही मी. सकाळी शेडची दारं सताड उघडायची, तो चोक का काय तो ओढायचा, चावी फिरवायची आणि घड्याळ लावून दहा मिनिटं चालू ठेवायची. अंगात ताप असतानासुद्धा केलंय. शेजारी हसायचे मला."

"आणि चोक आत कधी ढकलायचा?"

"म्हणजे? तो परत आत ढकलायचा असतो?"

"अहो काकू!" माझा तोंडावरचा ताबा सुटला. "तुम्हीच मारलीत की ही गाडी!"

बोलले आणि जीभ चावली. पण सुटलेला शब्द कुठला परत यायला! काकू टायरच्या चळतीवर मटकन बसल्या. हातातली पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली. गल्ली हसत असताना या बाईने दीडशे रविवार एक व्रत पाळलं होतं, आणि मी ते तिच्या तोंडावर फेकलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, "तुमची चूक नाही काकू. निम्मं जग असंच करतं. चोक ओढला की इंजिन जास्त पेट्रोल पितं, थंडीत उठायला ते लागतं. पण दहा मिनिटं तसंच ठेवलं की न जळलेलं पेट्रोल काजळी होऊन बसतं. आणि प्रत्येक वेळी धुरात थोडं पाणीही असतं. गाडी रस्त्यावर लांब पळाली की सगळं तापतं, पाणी उडून जातं, काजळी जळून जाते. उभ्या उभ्या दहा मिनिटांत काहीच तापत नाही, ते आत साचत राहतं. गाडी चालवायची असते काकू. नुसती चालू करून भागत नाही."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"गाडी चालवायची असते. नुसती चालू..."

"पुरे," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी पाणी आणलं. ते त्यांनी हातात धरलं आणि प्यायल्या नाहीत.

"यांचा एकच शब्द उरलाय," त्या म्हणाल्या. "झटक्यानंतर महिनाभर नुसता आवाज. मग एका रविवारी खिडकीत बसले होते, शेडकडे डावा हात केला आणि लख्ख बोलले, 'चालव.' मला आभाळ ठेंगणं झालं गं! पूर्वी हे गावाला जायचे तेव्हा मला सांगून जायचे, गाडी चालू करत जा, बॅटरी बसेल. मला वाटलं, तेच म्हणतायत. धावत गेले आणि चालू केली. परत येऊन बघते तर मान हलवतायत. चालव, चालव. म्हटलं, आणखी थोडा वेळ चालू हवी असेल. दहा मिनिटं ठेवायला लागले. बंद करून आले की हे रडायचे. मला वाटायचं, आता आपल्याला चालवता येत नाही म्हणून रडतात."

रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"दीडशे रविवार हे मला एकच गोष्ट सांगत होते," काकू म्हणाल्या. "आणि मी चावी हातात नाचवत, हसत हसत घरात यायचे."

तरी मी म्हटलं, "काकू, असं लगेच धरून बसू नका. मी इंजिन बघते, माणसाच्या मनातलं मला काय कळणार? विचारा ना त्यांनाच."

आम्ही तशाच निघालो. मी हातसुद्धा धुतले नव्हते. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांनी डावा हात किंचित उचलला, आणि दोन वर्षं न आल्याची लाज मला तेव्हा खरी वाटली. काकू त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि लहान मुलाला विचारावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मी? गाडी? मी चालवायची?"

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि डावा हात हळूहळू वर नेऊन कपाळाला मारला. चांगला फट्कन आवाज येईल असा.

काकू आधी हसल्या आणि मग जे रडायला लागल्या ते काही केल्या थांबेनात. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले.

गावातल्या निम्म्या बायका सरांकडे शिकल्या आणि घरच्या बाईला गाडी येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तरुणपणी दोनदा प्रयत्न झाला होता, हे काकूंनीच मला सांगितलं. बाहेरच्यांशी साखरेसारखा बोलणारा हा माणूस बायको शिकायला बसली की फटाक्यासारखा उडायचा, आणि दोन्ही वेळा काकू अर्ध्या रस्त्यात उतरून पायी घरी आल्या होत्या. त्यानंतर विषय संपला. आणि आता बासष्टाव्या वर्षी त्या शिकाऊ परवान्याचा फॉर्म भरत होत्या.

पुतण्या म्हणाला, "काकू, मी आहे ना! कशाला या वयात?"

"तू महिनाअखेरीला तुझ्या घरी जाशील," काकू म्हणाल्या. "आणि मला यांनी सांगितलंय."

मी नवा सायलेन्सर बसवला, तेल बदललं, चोकच्या दांड्यावर लाल पट्टी चिकटवली. शिकवणार कोण हा प्रश्नच नव्हता. सर त्यांच्या नेहमीच्या जागी, चालवणाऱ्याच्या शेजारी. त्या बाजूला त्यांच्या पायाशी ब्रेकचं जादा पेडल होतंच, आणि डावा पाय त्यांचा शाबूत होता. मी मागे. केंद्रातल्या बाईंकडून आम्ही महिन्याचा शेवटचा शनिवार मागून घेतला. हातात अठरा दिवस होते.

मैदानावर काकू रोज सकाळी इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवायच्या. सर हाताने खुणा करायचे. बोटं पुढे म्हणजे गियर टाक, तळवा खाली म्हणजे हळू. दुसऱ्या आठवड्यात त्या बाजारातल्या रस्त्यावर आल्या. गाडी बंद पडायची, लोक हॉर्न वाजवायचे, काकू खिडकीतून मान काढून "शिकतेय हो!" असं ओरडायच्या. सर मात्र एक चकार शब्द बोलत नव्हते. तो एकुलता एक शब्दही आता त्यांनी सोडून दिला होता. त्याचं काम झालं होतं. पण त्याची जागा दुसऱ्या कुठल्या शब्दाने घेतली नाही, आणि मला मनातून भीती वाटायला लागली. वेळ फार उरलेली नाही, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. होता तोही शब्द जाऊन आता काहीच राहिलं नाही तर?

शनिवार आला. काकूंनी पाण्याची बाटली घेतली, सरांचे कागद घेतले आणि चोक आत ढकलल्याचं मला तीनदा दाखवलं. टेकडीच्या पायथ्याशी आल्यावर त्यांनी दुसरा गियर टाकला. गाडी वर निघाली. काळा धूर नाही, धाप नाही, इंजिनाचा आवाज एकसारखा. मी मागे बसून तो आवाज ऐकत होते आणि स्वतःवर खूश होते.

अर्ध्या चढावर, वळणाच्या जरा अलीकडे, पुढे सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक होता. तो रखडत रखडत थांबला. काकू थांबल्या. आमच्यामागे एक व्हॅन येऊन थांबली. अगदी चिकटून. मग ट्रक हलला आणि काकूंना चढावर गाडी उचलायची वेळ आली. मैदानावर चढ नसतो, बाजारातही नसतो. काकूंनी ब्रेक सोडला आणि क्लच अर्ध्यावर धरायच्या ऐवजी असा झटक्यात सोडला की गाडीने एक उडी मारली आणि इंजिन बंद पडलं. गाडी मागे घसरायला लागली. काकूंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गोठले. माझ्या तोंडून फक्त "आई गं!" एवढंच आलं.

गाडी खाडकन थांबली. सरांचा डावा पाय ब्रेकवर होता. व्हॅनचा बंपर आमच्यापासून वीतभर राहिला असेल.

"हाफ क्लच!" आवाज खरखरीत होता, पण खडा. "हाफ क्लच! किती वेळा सांगायचं तुला?"

मला आधी वाटलं, व्हॅनवाला ओरडतोय.

काकूंनी मान वळवली. त्या सरांकडे बघायला लागल्या. तोंड उघडं, डोळे भरून आलेले. सरांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि पाय अजून ब्रेकवरच होता.

"माझ्याकडे काय बघतेस?" ते ओरडले. "समोर बघ!"

"बघते हो, बघते," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्याकडेच बघत राहिल्या. मागे व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता. मी काच खाली केली आणि त्याला म्हटलं, थांब जरा.